जादाचं दार

१

ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की रेघबाई. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दुसऱ्यांनी काढलेले इमारतींचे नकाशे तपासायचे, हेच तिचं गेल्या वीस वर्षांचं काम. कुठे जिना चढून वर गेलं की डोकं छताला आपटतं, कुठे बाथरूमचं दार उघडलं की थेट कपाटावर आदळतं, कुठे चौथ्या मजल्यावरचा खांब तिसऱ्यावर गायबच. असल्या गोष्टी तिला लांबून दिसत. बाकीचे सगळे संगणकावर बघत. बाईंना मात्र नकाशा कागदावर लागायचा.

आणि चूक दिसली की ती कुणाला विचारत बसत नसे. पांढरं खोडरबर, खाचा पाडलेली पातळ पत्र्याची पट्टी, दोन फटकारे, आणि शेजारी लाल पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण. झालं. तिने पुसलेल्या जागी कागदावर वळसुद्धा उरत नसे. ‘रेघबाईंनी पुसलेलं देवालाही सापडायचं नाही,’ असा एक विनोद चहाच्या टेबलावर नेहमी चालायचा.

घरी माणसं तीन. ती, तिची दहा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने तो फक्त फोनच्या पडद्यावर भेटायचा. मुलीचं शाळेतलं नाव लांबलचक होतं, पण घरात ती मिरी. आकाराने एवढीशी आणि तोंडात पडली की ठसका. दिवसभर आजोबांकडे बघायला एक मावशी यायच्या, पाचला जायच्या.

बाबा सहा वर्षांपासून बोलत नव्हते. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसून असायचे. भरवलं की खायचे, हात धरला की चालायचे. बाकी तोंडाला कुलूप आणि डोळे कुठल्या कुठे. हलायचा तो फक्त डावा अंगठा. खुर्चीच्या हातावर तो सतत काहीतरी दाबत असायचा. इकडे, तिकडे, वर, पुन्हा इकडे. तिथलं पॉलिश जाऊन लाकूड पांढरं पडलं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले आणि शेवटी म्हणाले, “सवय राहते हो. माणूस…” आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

घराला त्या टकटकीची सवय झाली होती, फ्रिजच्या घरघरीची होते तशी.

२

एका सोमवारी ती ऑफिसातून आली तेव्हा मिरी आजोबांच्या पायाशी मांडी घालून बसली होती. मांडीवर गणिताची चौकोनांची वही, हातात पेन्सिल, नजर आजोबांच्या अंगठ्यावर.

“काय चाललंय गं?”

“श्श. आजोबांचं घर काढतेय.”

“आजोबांचं घर हेच आहे की.”

“हे नाही गं. ते चालतायत ना, ते घर. अंगठा इकडं झुकला की उजवीकडे एक चौकोन. वर गेला की वर. दाबतायत आणि पुढे जात नाहीत, म्हणजे भिंत. दोनदा पटपट दाबलं की दार.” मिरीने मान वर न करता सांगितलं. “सोपंय. तुला कसं कळलं नाही?”

रेघबाईंना हसू आलं. पोरीने आजोबांशी खेळायची युक्ती काढली, चांगलंच आहे, म्हणत ती चहा टाकायला गेली. रात्री मिरीचं दप्तर भरताना ती वही हाताला लागली आणि सवयीने बाईंनी ती उघडली. ज्याचं त्याला व्यसन.

वही नवी नव्हती, बाबांच्या जुन्या सामानातली होती. सुरुवातीची पानं पिवळी पडलेली, त्यांवर फिकट पेन्सिलीचे नकाशे. खोल्या, बोळ, दारं. अक्षर तिचं स्वतःचं होतं, बाराव्या वर्षीचं, टपोरं आणि डावीकडे कललेलं. एका पानावर खोलीच्या तीनच भिंती काढून ते चित्र अर्धंच सुटलं होतं. चौथी भिंत मिरीने काढली होती, आणि तिथून पुढे अकरा पानं.

बाई चुका शोधू लागली. चुका असणारच. एका म्हाताऱ्या माणसाच्या भरकटलेल्या अंगठ्यावरून दहा वर्षांच्या पोरीने काढलेला नकाशा. दोन-तीन पानांतच खोलीवर खोली चढायला हवी, भिंतीतून बोळ जायला हवा. तिने पानं मोजली, चौकोन मोजले. चौथ्या पानावरून खाली जाणारा बोळ आणि नवव्या पानावरून लांबचा वळसा घालून वर येणारा बोळ, दोन्ही एकाच कोपऱ्यात भेटत होते. अगदी एका चौकोनाचाही फरक नाही.

वीस वर्षांत ऑफिसातल्या एकाही पोराने पहिल्या फटक्यात इतका चोख नकाशा आणून दिला नव्हता. योगायोग, असं म्हणून तिने वही मिटली. मिटली आणि पुन्हा उघडून पुन्हा मोजली.

३

पिवळ्या पानांवरचे नकाशे टीव्हीवरच्या एका खेळाचे होते. त्या खेळाला त्यांच्याकडे नुसतं ‘घर’ म्हणत. कॅसेटवरचं लेबल केव्हाच सोलून गेलं होतं. टीव्हीला जोडायची करडी पेटी, तिच्या वायरला लटकणारा कंट्रोलर, आणि पडद्यावर हातात दिवा घेतलेला एक बोटभर माणूस. एका वेळी एकच खोली दिसायची. दारातून गेलं की पडदा मिटायचा आणि पुढची खोली. ना राक्षस, ना गोळ्या, ना गुण. खोल्या, बोळ आणि खोल्या. मैत्रिणी नाकं मुरडायच्या, पण बाबांना वेड लागलं होतं.

बाबा छापखान्यात दुसऱ्या पाळीला होते, त्यामुळे दुपार त्यांची आणि तिची. त्यांचा एक नियम होता. एकाने खेळायचं, दुसऱ्याने काढायचं. खेळणाऱ्याने मोजून सांगायचं आणि विचारायचं, “काढलं?” काढणाऱ्याने म्हणायचं, “काढलं.” त्याशिवाय खोली सोडायची नाही. मरण नव्हतंच त्या खेळात, पण हरवणं होतं, आणि बाबा त्याला फार घाबरायचे. कधीकधी ती मुद्दाम गप्प बसायची. मग बाबांचा तो माणूस दारात पाय ठेवून तसाच ताटकळत उभा राहायचा आणि बाबाही.

बाराव्या वर्षी एका दुपारी खालून मैत्रिणींनी हाका मारल्या. “येतेच हं, बाबा,” असं म्हणून तिने पेन्सिल वहीत ठेवली. त्यानंतर ती कधी त्या वहीकडे फिरकली नाही. बाबाही काही बोलले नाहीत. पोरगी मोठी झाली, एवढंच.

निवृत्त झाल्यावर बाबांनी माळ्यावरची पेटी पुन्हा काढली होती. एकटेच खेळायचे. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ती त्यांना भेटायला गेली, तर टीव्ही चालू, पडद्यावर कुठलीशी रिकामी खोली, आणि बाबा समोर. कंट्रोलर गळून खाली पडलेला होता आणि अंगठा मांडीवर चालत होता.

हे तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. ‘येतेच हं’ मात्र सांगितलं नव्हतं. त्याचा काय संबंध?

४

बुधवारी ती घरी आली तर बाबांच्या सामानातली खेळाची पेटी टीव्हीला जोडलेली होती.

“मीच वायर आणून दिली दुकानातून,” मावशी म्हणाल्या. “चार दिवस कटकट चालली होती तिची. बघा तरी, कशी रमलीय.”

मिरी टीव्हीसमोर जमिनीवर बसली होती, शेजारी वही उघडी. पडद्यावर दिवा घेतलेला माणूस झपझप चालला होता. मिरी वहीत बघायची, मोजायची, वळायची. बाई पर्स न ठेवताच मागे उभी राहिली. माहितीच्या खोल्या सरल्या. ती अर्धी राहिलेली खोली आली आणि गेली. त्यापुढची खोली तिने आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती. वहीत मात्र होती. डाव्या भिंतीत खाच, वरच्या भिंतीत दोन दारं. पडद्यावरही डाव्या भिंतीत खाच, वरच्या भिंतीत दोन दारं.

‘आधी खेळली असणार, मग काढलं, आणि आता मला बनवतेय,’ तिने स्वतःला समजावलं.

“मावशी, ही कधीपासून खेळतेय?”

“आत्ता तासाभरापूर्वी सुरू केलं. वायरच नव्हती ना तोवर. का हो?”

खोलीत काहीतरी बदललं होतं आणि ते काय, हे तिला कळत नव्हतं. मग कळलं. टकटक थांबली होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच बाबांचा अंगठा खुर्चीच्या हातावर नुसता टेकून होता. दारात पाय ठेवून कुणाच्या ‘काढलं’ची वाट बघावी तसा.

तिने पेटी उपटून कपाटावर टाकली. मिरी रडली, भांडली, दार आपटून झोपली. आणि टकटक पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीची नाही. बाबा आता धावत होते. गुरुवारी त्यांनी घास घेतला नाही, पाणी घेतलं नाही. शुक्रवारी नखातून रक्त आलं. मावशींनी पट्टी बांधली तर पट्टीसकट अंगठा चालूच.

“त्यांना वाटलं मी परत गेले,” मिरी दारात उभी राहून म्हणाली. “आई, मी फक्त तीन खोल्या लांब होते गं.”

शुक्रवारी संध्याकाळी रेघबाईंनी हात टेकले आणि पेटी खाली काढून दिली. बाबांनी त्याच घटकेला अर्धी वाटी खीर खाल्ली. ‘बघ, एवढंच हवं होतं त्यांना,’ ती स्वतःशी म्हणाली. त्या वेळी तिला बरंसुद्धा वाटलं.

५

शनिवार. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धुताना रेडिओ लावलेला. मावशींना सुट्टी होती.

“आज पोचते,” मिरी म्हणाली. “तू वही धर. खेळणारीने वही धरायची नसते.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“नियमच आहे तसा.”

बाई मिरीच्या मागे सोफ्यावर बसली. मांडीवर वही, हातात पेन्सिल. तीस वर्षांनी ती त्याच जागी बसली होती. बाबांची खुर्ची खिडकीशी. अंगठा थांबलेला.

मिरीने शेवटचा बोळ ओलांडला. पडदा मिटला, उघडला. लांबट खोली. मधोमध चार ठोकळ्यांची खुर्चीसारखी काहीतरी नक्षी, आणि त्या नक्षीवर बसलेला एक बोटभर माणूस. त्याच्या हातात दिवा नव्हता. या खेळात दुसरा माणूस नव्हता, कधीच नव्हता. ‘नक्षीच असेल,’ तिने ठरवलं. आठ-दहा ठिपक्यांत माणूस काय नि दगड काय.

“ऐक हं, आई,” मिरी म्हणाली. तिचा आवाज एकदम मोठ्या माणसासारखा समजूतदार झाला होता. “मी त्यांना दिवा देते आणि दारापाशी नेते. आधी ते जातील, मग पाठोपाठ मी. जायचं दार उजवीकडे आहे. वहीत बघून कितवा चौकोन ते सांग. आत आलं की अंधारात दिसत नाही.”

“सांगते.”

तिने शेवटचं पान उघडलं. उजव्या भिंतीत दार होतं खरं. आणि ते चुकीचं होतं. पलीकडे लगेच सातव्या पानावरची खोली येत होती, तिची भरीव भिंत येत होती. दार उघडणार कुठे? भिंतीत? इतक्या चोख नकाशात हे एवढं एकच जादाचं दार, दातात अडकलेल्या कणासारखं. तिने वरून मोजलं, खालून मोजलं. नाहीच बसत. खरं दार वरच्या भिंतीत असणार, पोरीने घाईत चुकीच्या बाजूला काढलं, झालं.

“आई, कितवा?”

“थांब गं. तुझ्या नकाशात चूक आहे.”

“नाहीये. सांग ना. ते चाललेसुद्धा.”

“एक मिनिट.”

खोडरबर पर्समध्ये होतं, पट्टीही. हे सगळं करताना तिच्या मनात काहीही नव्हतं. वीस वर्षं हात जे करत आले तेच त्यांनी केलं. पट्टीची खाच दारावर बसवली, दोन फटकारे, कण फुंकले, वरून एक सरळ रेघ. लाल पेन्सिल नव्हती म्हणून बरोबरची खूण तेवढी राहिली.

टीव्हीतून बारीक टक् असा आवाज आला.

तिने वर पाहिलं. पडदा मिटून उघडला होता. नवी खोली, डाव्या कडेला एकच माणूस, हातात दिवा. तो ज्या भिंतीतून आला होता तिच्याकडे तोंड करून उभा होता.

“गेले ना आजोबा? आता तूही ये,” ती म्हणाली. खेळातलं बोलावं तसं, हसत.

मिरीने कंट्रोलर अलगद मांडीवर ठेवला. ती समोर बघत होती. तिचा डावा अंगठा मांडीवर चालायला लागला.

खिडकीजवळची खुर्ची करकरली. सहा वर्षं न वापरलेला, गंजलेला, पण ओळखीचा आवाज आला.

“दार कुणी पुसलं?”

६

डॉक्टरांनी बाबांचा हात हातात घेऊन दोनदा हलवला. असं कधी होत नाही म्हणाले, पुस्तकात लिहिण्यासारखं आहे म्हणाले. मग मिरीकडे वळले आणि त्यांचा चेहरा उतरला. तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो झाले. सगळं नीट होतं.

“तुमच्या घराण्यात आधी कुणाला होतं का असं?” त्यांनी विचारलं, आणि प्रश्न अर्ध्यावर असतानाच त्यांना उत्तर आठवलं.

नवऱ्याला तिने फोनवर सांगितलं, ‘मिरी बोलत नाहीये.’ जहाज किनाऱ्याला लागायला अजून पाच आठवडे होते. तो तिकडे रडला आणि ती इकडे कोरड्या डोळ्यांनी ऐकत राहिली. दार पुसल्याचं ती कुणाला काय सांगणार? कुठल्या शब्दांत?

बाबांना तिने विचारलं. एकदाच, स्वयंपाकघरात. “तिथं काय आहे, बाबा?”

ते ओट्याला धरून उभे होते. “खोल्या आहेत,” म्हणाले. “मी दिवा घेऊन बाहेर आलो गं, पोरी. तिचा दिवा माझ्याकडे आहे.” आणि लहान मुलासारखे हमसून रडले.

पेटी तेव्हापासून बंद केलेली नाही. टीव्ही तापतो, मावशी कुरकुरतात, पण त्याही आता स्विचला हात लावत नाहीत.

७

ते दार तिने पुन्हा काढलं. अर्थातच काढलं, त्याच शनिवारी. पण कितव्या चौकोनात? मिरीने हेच तर विचारलं होतं. पान उजेडाकडे धरून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं, भिंगाखाली पाहिलं. तिने पुसलेल्या जागी वळ राहत नाही. पाचव्यात काढलं, मग सहाव्यात, मग आठव्यात. शेवटी त्या भिंतीतल्या प्रत्येक चौकोनात दार काढलं. पडद्यावरची भिंत ढिम्म हलली नाही.

म्हणून आता बाबा दुसरी वाट शोधतात. ऑफिसातून तिने रजा घेतली आहे. रोज दुपारी, जेवणं झाली की ते टीव्हीसमोर बसतात. बोटं सुजलेली, अंगठ्यावर जुनी जखम, पण चालतात. ती मागे सोफ्यावर, वही घेऊन. पहिली संपली, दुसरी संपली, ही तिसरी.

“उजवीकडे नऊ, खाली चार, दार खालच्या भिंतीत. काढलं?”

“काढलं.”

नकाशात आता चुका खूप दिसतात. खोलीवर खोली चढते, बोळ भिंतीतून जातो, एक जिना तर स्वतःच्याच पोटात उतरतो. तिचे हात शिवशिवतात. ती काही पुसत नाही. खोडरबर तिने कचऱ्यात टाकलं आहे.

मिरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. भरवलं की खाते, हात धरला की चालते. केस विंचरताना मान देते. आजोबांचा अंगठा सगळीकडे फिरायचा. वर, खाली, इकडे, तिकडे. मिरीचा फिरत नाही. बाईंनी तासन्‌तास बसून पाहिलंय, वहीत मांडून पाहिलंय. मांडण्यासारखं काही नाहीच. अंगठा फक्त उजवीकडे झुकतो. दोनदा पटपट दाबतो. थांबतो. पुन्हा उजवीकडे, पुन्हा दोनदा पटपट.

भिंतीशी उभं राहून, जिथं दार होतं तिथं.